वाटीची खिडकी

४ मार्च २०२५

परत आलं! नमुन्याचं रेकॉर्डिंग तिसऱ्यांदा परत आलं. ऑडिओबुकवाल्या पुण्याच्या बाई फोनवर म्हणाल्या, "आवाज छान आहे हो तुमचा, वाचताही छान. पण मागे कोणीतरी बोलतंय."

हेडफोन लावून ऐकलं. मी वाचतेय, गोष्टीतली बाई नदीकाठी एकटी उभी आहे, सगळीकडे शांत वगैरे. आणि मागून काकी, शब्दन् शब्द स्पष्ट: "अजून चाललंच हाय का हिचं? एक पळून गेली, दुसरी परत आली. आमच्याच नशिबाला!" वर कुकरची शिट्टी.

पळून गेली ती राजनंदिनी, काकीची एकुलती एक. मनानं लग्न केलं म्हणून आप्पांनी, म्हणजे काकांनी, तिचं नाव घरात काढायचं नाही असं फर्मान सोडलंय. नाव काढत नाहीत, टोमण्यात मात्र चालते! परत आली ती मी. नवऱ्याला सोडून, शेवगावात, आईकडे.

बाईंनी एप्रिलच्या मध्यापर्यंत मुदत दिलीय. स्वच्छ नमुना पाठवला तर पुस्तकं वाचायचं काम पक्कं. मग मला आणि आईला कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. मला हे काम पाहिजे. पाहिजे म्हणजे पाहिजे.

६ मार्च

खोट माझ्यात नाहीच, भिंतीत आहे. बाबा आणि आप्पा वेगळे झाले तेव्हा मोठ्या खोलीच्या मधोमध ही चार इंची भिंत घातली. अलीकडे माझी खोली, पलीकडे काकीचं स्वयंपाकघर. भिंतीत हातभर रुंदीची खिडकी ठेवली, तिला त्यांच्या बाजूनं फळीचं दार. बाबांचाच हट्ट होता – चुली वेगळ्या झाल्या तरी भाजीची वाटी जात-येत राहू दे. म्हणून ती वाटीची खिडकी. आता बाबा नाहीत. वाटी फक्त सणाला येते. एरवी टोमणे येतात.

आज नगरच्या एका ठेकेदाराचा नंबर मिळाला. कृपादान नाव. ऑफिसांतून, दवाखान्यांतून जिप्सम बोर्डाची कामं करतो. पहिलाच प्रश्न, "मिस्टरांना द्या ना फोन." नाहीत म्हटलं. "मग वडील?" तेही नाहीत. "भाऊ कुनी?" – अहो, मीच आहे! सगळं मीच! मग म्हणाला, "बरं ताई, शनिवारी येतो."

८ मार्च

आला. आल्या आल्या टेप काढून पश्चिमेची भिंत मोजायला लागला! म्हटलं ती नाही, ही. "हिला ऊन कुठं लागतंय ताई? ही तर मधली भिंत." ऊन नाही, आवाज अडवायचाय. त्यानं टेप गुंडाळला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "इतकी वर्षं करतोय. आपल्याच मानसांचा आवाज बंद करा असं कुनी म्हनलं न्हाई."

"मग मी पहिली."

मग त्यानं समजावून सांगितलं – पत्र्याच्या चॅनलची चौकट, तिच्यात रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, वरून दुहेरी बोर्ड. थर्माकोलनं ऊन थांबतं, आवाज नाही. हे चाललेलं असताना खिडकीची फळी हळूच किलकिली झाली. काकी! सरळ त्यालाच विचारलं, "मंग हिचं बोलनं आमाला न्हाई का येनार ऐकू?"

"न्हाई मावशी. भिंतीला कान लावला तरी न्हाई."

फळी बंद. करमणूक जाणार म्हणून जीव खालीवर झाला असेल बिचारीचा!

संध्याकाळी चौकात महिला दिनाचा सत्कार होता म्हणे. मी गेले नाही. माझा महिला दिन घरीच साजरा झाला.

१२ मार्च

आप्पा आले. बसले नाहीत, दारातच उभे. "ती भिंत सामाईक हाय. आमच्या संमतीबिगर तिला एक खिळा ठोकायचा न्हाई. आन् ती खिडकी तुझ्या बापानं ठेवलीया, ध्यानात ठेव."

आई पदराशी चाळा करत राहिली. ते गेल्यावर म्हणते, "राहू दे गं. दुपारी काकी झोपते, तेव्हा वाचत जा." म्हणजे आता दुसऱ्यांच्या झोपेवर माझं पोट! अजिबात नाही.

१३ मार्च

होळी. आज बोंब मारायची मोकळीक असते. चांगली पोटभर मारली.

१८ मार्च

अजून धुमसतेय. रागानं!

आज नगरला कोर्टात घटस्फोटाची शेवटची तारीख. निकाल लागला, सुटले. एसटीत खिडकीशी बसून मनात म्हणत होते, एक ओझं उतरलं, आता खोली. कृपादानला सकाळीच सांगून गेले होते – फक्त सामान उतरवून घ्या, भिंतीचं मी आल्यावर बघू. घरी येऊन बघते तर पश्चिमेच्या भिंतीवर चौकट उभी! तिच्यात थर्माकोल! अर्धे बोर्ड मारूनही झालेले!

"हे काय?"

"आप्पा आलते ना ताई. म्हनले, पोरीचा इचार बदललाय, पश्चिमेचं घ्या. मोठे मानूस, मला वाटलं घरात ठरलं असंल."

"मला फोन का नाही केला?"

घरात एक पुरुष बोलला की काम ठरलं, एवढंच त्याला माहीत. तरी वर म्हणतो, "उन्हाळ्यात दुवा द्याल बघा, खोली गार राहील."

"काढा."

"सगळं?"

"सगळं. आत्ता. आणि यापुढे ह्या घरात भिंत कुठली ते मी सांगणार. आप्पा नाही, आई नाही, देव आला तरी नाही!" इतक्या मोठ्यानं ओरडले की पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला. पडू दे. आज नवरा सुटला, आता आप्पांना घाबरू?

१९ मार्च

सुचलं! भाकरी थापता थापता सुचलं, तशीच पिठाच्या हातानं फोनला धावले. सामाईक भिंतीला खिळा नको ना? नकोच! चौकट भिंतीपासून दोन बोटं लांब उभी करायची. खाली फरशीला पकडायची, वर स्लॅबला. फरशी माझी, स्लॅब माझा. भिंतीला शिवायचंसुद्धा नाही!

कृपादान म्हणाला, "खोली बारकी व्हईल ताई." होऊ दे. मग स्वतःच म्हणाला, चिकटवण्यापेक्षा असं सुटं उभं केलं तर आवाज अजूनच अडतो. आप्पांचे उपकारच म्हणायचे!

आप्पांना दारात गाठून सांगितलं. आधी वर स्लॅबकडे बघितलं, मग खाली फरशीकडे, आणि चपला सरकवून चालू लागले.

२४ मार्च

लोकरीनं हात असे खाजतात की विचारू नये. चौकट झाली. उद्या बोर्ड. खिडकी तशीच आहे, तिला हात लावलेला नाही. तिच्यापुढे बोर्ड येणार एवढंच.

आई जवळ येऊन म्हणाली, "खिडकीपुरतं तेवढं उघडं ठेवता येत नाही का?" मी नाही म्हणाले. उघडं ठेवलं तर सगळंच फुकट. पण बाबा आठवले. मी लहान असताना ते मला उचलून धरायचे आणि मी त्या खिडकीतून राजनंदिनीला चिमटे काढायचे. वाईट वाटलं. खूपच वाटलं. तरी नाहीच म्हणाले.

२७ मार्च

झालं! दाराला रबर लावलं, दार ओढून घेतलं आणि… काही नाही. आईला पलीकडे पाठवलं, म्हटलं काकीशी बोल, मोठ्यानं बोल. मी आत कान देऊन बसले. शिट्टी नाही, टोमणा नाही, काही नाही. फक्त माझा श्वास. वेडीसारखी हसत सुटले. मग पाणी प्यायले आणि वाचायला बसले.

कृपादान जाताना म्हणतो, "आता आमच्या मिसेसला सांगत न्हाई हे. तिला बी पाहिजे म्हनायची."

३० मार्च

पाडवा. आई पलीकडे गुढीच्या पाया पडून आली. सांगत होती – काकीनं पुरणाची वाटी भरली, सवयीनं फळी उघडली, समोर पांढरा बोर्ड. वाटी हातात धरून तशीच उभी राहिली म्हणे. मग फळी लावून घेतली.

ती दारानं येऊ शकली असती. दार काय मी बुजवलं नव्हतं! आपल्याच घरची पुरणपोळी खाल्ली. एकच खाल्ली, हे खरं.

२ एप्रिल

पसंत! बाई म्हणाल्या, कुठल्या स्टुडिओत केलंत? म्हटलं, माझ्या. पहिलं पुस्तक सोमवारी येतंय! आईनं देवापुढे साखर ठेवली.

काकीनं आज आईला परत विचारलं म्हणे, "आतलं बोलनं खरंच न्हाई ऐकू येत?" अजून विश्वास बसत नाहीये बाईचा. बसेल हळूहळू!

५ एप्रिल

काकी आली. समोरच्या दारानं. वेगळे झाल्यापासून पहिल्यांदा. आप्पा बाजार समितीत गेले होते. हातात वाटी, वाटीत शेवग्याच्या शेंगांची भाजी. मी भांडायच्या तयारीनंच उभी राहिले.

वाटी माझ्या हातात दिली. भिंतीकडे बघितलं, बोर्डावर हात फिरवला. मग हळू आवाजात म्हणाली, "सातवा महिना लागलाय म्हनं तिला. हे माझा मोबाईल रोज तपासत्यात. तुझ्यावरनं लावून देतीस का गं?"

राजनंदिनीचा नंबर माझ्याकडे नव्हता. काकीनं सांगितला, एका दमात, न अडखळता. तोंडपाठ होता.

फोन लावून तिच्या हातात दिला आणि दार ओढून घेतलं. आप्पा येतात का बघत ओट्यावर बसून राहिले, मांडीवर वाटी घेऊन. काकी बराच वेळ आत होती. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.