पानं आवरली की

चिमणे,

आज अंगण झाडताना खराटा कशाला तरी अडला. पानं बाजूला केली, तर मातीत रोवलेल्या दोन विटा! तू आठ वर्षांची असताना झोपाळ्याच्या खांबांसाठी केलेल्या खुणा. मी तेव्हा म्हटलं होतं, "पानं आवरली की लावू." पुढे मी कुठलंही काम टाळलं की तुझी आई म्हणायची, "हो हो, पानं आवरली की!" आणि तुम्ही दोघी हसत सुटायचात.

सुतार ना मी! सगळ्या आळीला झोपाळे करून दिले, आपलाच तेवढा राहिला. तूही कधी हट्ट धरला नाहीस. धरायला हवा होतास गं.

आज पानं तशीच टाकली आणि आधी खड्डे खणले. संध्याकाळी झोपाळा टांगून त्यावर बसलो, तर गुडघे थेट हनुवटीला!

हे पत्र टाकणार नाही. टाकलं, तर फोन करून हसशील, "बाबा, तुमचं माप चुकलं?" आणि मला सांगावं लागेल, की चुकलं नाही. माझ्या हातांनी तुझीच उंची धरली होती, तेव्हाची.

पानं अजून न आवरलेला,
तुझा बाबा