मामांचं 'ऑफ'

लाखनी, रविवार, मे १९७८

राग मावतच नाही आहे.

काल तुमसरहून नवरदेवाकडची तार आली : 'मॅरेज पुट ऑफ.' मामांनी ती सगळ्यांसमोर वाचली आणि उठून लाइटाचं बटण दाबून दाखवलं. "ऑफ म्हणजे बंद. समजलं? लग्न मोडलं."

मी म्हटलं, "मामाजी, पुट ऑफ म्हणजे पुढे ढकललं. मोडलं असतं तर कॉल ऑफ लिहिलं असतं." बी.ए.ला इंग्रजी घेतलंय मी! मामा हसले. "तू आता मले शिकवून राहिली काय?" आणि पुन्हा ते बटण. टक, टक. जसं काही माझं लग्न त्या बटणावरच चालतं!

बाबांनी माझ्या बोटातली साक्षगंधाची अंगठी काढून घेतली, तडक तुमसरला गेले आणि नाही नाही ते बोलून ती त्यांच्या अंगणात फेकून आले.

आज दुपारी नवरदेवाचा मोठा भाऊ आला. त्यांच्या वडिलांना टायफॉइड झालाय, म्हणून लग्न महिनाभर पुढे. एवढंच होतं! आता मात्र त्यांचाच नकार. निघताना त्यानं विचारलं, "तुमच्या घरी कोणालेच इंग्रजी येत नाही काय?"

तेवढ्यात दाराआडून आई बोलली, "येते ना. माही पोरगी कालच सांगून राहिली होती."

मग काल काहून नाही बोललीस, आई? सगळ्यात जास्त राग मला तिचाच येतो आहे. आणि या घरात माझ्या बाजूनं बोलली ती एकटीच.