पाळी त्याची, पाळी माझी

९ जानेवारी ’९७, मुक्काम अष्टमी
सकाळीच आली. चार दिवस मागच्या पडवीत. सासूबाईंनी कॅलेंडरवर गॅस सिलिंडरची तारीख लिहितात त्याच्या शेजारीच कुंकवाचा ठिपका लावला. हो, कुंकवाचा. मग बोटांवर पुढे मोजत मोजत मोठ्यांदा, “दिन्या, येकवीस-बाविसला रातपाळी घेव नको रं!” भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा रेडिओ लागला होता, तो बारीक झाला.
नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, म्हणून इथे लिहिते. दिनेश. पुढे नुसतं दि.
दि.ने मान हलवली, डबा घेतला, कंपनीच्या बसला गेला.

११ जाने.
घरात शिवायचं नाही, पण एसटीडी बूथवर बसायला हरकत नाही. पगार शिवलेला चालतो.
दुपारी जिते गावाहून वन्संचा फोन. दि.ची मोठी बहीण. बूथवर तीन गिऱ्हाइकं उभी.
“तापाची काच लावतेस ना गो सकाळची? उठायच्या आधी लाव. मागल्या बारीला चूळ भरून मग लावलास म्हने आई.”
“वन्सं, गिऱ्हाईक आहे.”
“आसूं दे. चिकट जातं का ता बघ. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं...”
ठेवला फोन. समोरचा म्हातारा पावती हातात धरून माझ्याकडे बघत होता. ऐकू गेलं असेल? रिसीव्हरमधून वन्संचा आवाज पार रस्त्यापर्यंत जातो.
त्या थर्मामीटरचं तरी काय. पारा जरा चढला की दिवस होऊन गेला म्हणायचा. म्हणजे कळणार ते गेल्यावरच. तरी रोज सकाळी डोळे उघडायच्या आत काच जिभेखाली. दि. उशाशी घड्याळ धरून बसतो, पारा वाचतो आणि आत जाऊन आईला सांगतो. माझ्या तोंडातला आकडा.

१५ जाने.
काल दि.च्या डिपार्टमेंटमधल्या एकाच्या घरी हळदीकुंकू. त्याची बायको वाण देता देता, “तुमच्या मिस्टरांनी आमच्या ह्यांच्याशी शिफ्ट बदलून घेतली ना? हे म्हणाले, पाळी तिची, म्हणून माझी पाळी बदलली!”
सगळ्या हसल्या. एकीला ठसका लागला तिळाचा. मीही हसले. काय करणार.
घरी येऊन वाण तसंच मोरीत ठेवलं. स्टीलची वाटी आहे. मला नको ती.

२१ जाने.
लिहू की नको.
दि. हाफ डे टाकून दुपारी आला. पारा चढला नव्हता, बाकीची लक्षणं होती. म्हणजे आज किंवा उद्या. सासूबाईंनी सुपात वालाच्या ओल्या शेंगा घेतल्या, म्हणाल्या, “जा गो आत. मी हाय भायेर.” आणि दाराला बाहेरून कडी लावली.
कडीचा आवाज. मग शेंगा सोलल्याचा. एकेक शेंग.
दि.च्या अंगाला कंपनीचा वास, अंघोळ करूनही जात नाही. लग्न झालं तेव्हा तो वास मला आवडायचा. खरंच आवडायचा.
मी छताची कौलं बघत होते. संपल्यावर बाहेरून, “झालं काय रं? तिला उठूं देव नको. पाय भिंतीला लावून ऱ्हा म्हनावं.”
दि. मला म्हणाला, “पाय वर कर.” लावले भिंतीला. त्याने उशी सरकवली कमरेखाली. हळूच, काचेचं भांडं असल्यासारखी.
नंतर वालाचं बिरडं होतं जेवायला. मला ओकारी आली. तर सासूबाईंचे डोळे चमकले! इतक्या लगेच होत नाही हो काही. तेवढंही समजत नाही आणि दिवस मोजतात.

६ फेब्रु.
आली.
सासूबाईंनी भांडी आपटली. दि. उशिरापर्यंत नाक्यावर. मला रडू यायला हवं, तर आधी वाटलं, चला, दहा-बारा दिवस कोणी शिवणार नाही.
असं वाटावं का? मूल मलाही हवंय. हवं होतं. हवंय.

१० फेब्रु.
पेणला डॉक्टरीणबाईंकडे. सासूबाई बरोबर, केबिनमध्येसुद्धा. बाईंनी माझे सगळे कागद पाहिले. “यांचं सगळं नीट आहे. मिस्टर कुठे आहेत?”
“त्याला काय झालंय?” सासूबाई. “धडधाकट हाय तो.”
“असेल. पण दोन वर्षं झाली. दिवस धरून धरून किती धरणार? त्यांची तपासणी झाल्याशिवाय मी पुढे काही देणार नाही.”
सासूबाईंनी पिशवी उचलली. एसटीने नागोठणं सोडलं. मग खिडकीबाहेर बघत, “जित्याला एक पोरगी हाय म्हनते माजी लेक. बापाला उजवायची घाई हाय.”
मी ऐकलं नाही असं दाखवलं.
घरी दि.ला सांगितलं, तपासणीचं. आणि त्या मुलीचंही. म्हणाला, “आई बोलते नुसती.” तपासणीचं पुन्हा विचारलं तर पंप दुरुस्त करायला गेला, जो चालू होता.

१८ फेब्रु., पेण
आले निघून. सकाळी थर्मामीटर तोंडात घालायला दि. वाकला आणि माझे दात मिटले ते उघडेचनात. तो म्हणाला, “उघड गो.” जनावराला औषध पाजताना म्हणतात तसं. उठले, साडी बदलली, स्टँडवर आले.
दार आईने उघडलं. माझी आई, सख्खी. मला वर-खाली बघून म्हणाली, “आज कशी आलीस? तुझे दिवस आहेत ना?”
दारातच बसले. तिलाही माहीत. सासूबाई शेजारच्यांच्या फोनवर कळवतात म्हणे दर महिन्याला. माझ्या अंगात काय चाललंय ते अष्टमी, जिते, पेण सगळ्यांना पाठ.
आईला म्हटलं, पुन्हा तारीख काढलीस तर इथेही येणार नाही. तिने मग चहा ठेवला. कपबशी माझ्या पुढ्यात ठेवून आत गेली. बोलायला नको होतं इतकं. पण बोलले ते बरं.

१९ फेब्रु.
दि. आला. सासूबाईंनीच पाठवलाय, उघड आहे. माझी आई लगबगीने खाटेवरचा बिछाना आतल्या खोलीत नेऊ लागली. मी तो हिसकावून घेतला.
परसात बोललो. मी म्हटलं, “मला किळस येते. तुझी, माझी, सगळ्याची.”
वाटलं चिडेल. तो विहिरीच्या काठावर बसला. “मलापण येते गो. कंपनीत मला तारीखवाला म्हणतात. घरी येतो तर आई घड्याळ बघते.”
“मग बोलत का नाहीस?”
“काय बोलू? आणि माझ्यातच निघालं काय तर?”
“तर निघालं. माझी सगळी तपासणी झाली, तेव्हा मला कोणी विचारलं?”
बराच वेळ विहिरीत खडे टाकत बसला.

२० फेब्रु.
गेलो दोघं. लॅबवाल्याने बाटली दिली आणि मागच्या संडासाकडे बोट दाखवलं. बाकावर माणसं. दि. आत गेला. बाहेर आला तेव्हा शर्ट घामाने चिकटलेला, बाटली रिकामी. “नाय जमलं. बाहेर कोणतरी कडी हलवत होता.”
वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मनात आलं, बघ, असं असतं. दुष्टासारखं.
समोरच्या हॉटेलात बसलो. त्याने चहा तसाच ठेवला, उठला आणि रस्ता ओलांडून परत आत गेला. मी सांगितलं नव्हतं. तेवढ्यापुरता मला तो पुन्हा माझा वाटला. तेवढ्यापुरताच.
डॉक्टरीणबाईंनी सोमवारी दोघांना बोलावलंय.

२३ फेब्रु., रविवार, मुक्काम अष्टमी
काल परत आलो. सासूबाईंना दि.नेच सांगितलं, तपासणी दिली म्हणून. आधी रडल्या, मग माझ्या माहेरचा उद्धार. मग म्हणाल्या, सोमवारी मीपण येनार. दि. म्हणाला, “तू नको.” आवाज बारीक, पण म्हणाला. तेव्हापासून त्या जेवल्या नाहीत. कॅलेंडर मी उतरवलं, कोणी काही म्हटलं नाही.
आज थर्मामीटर नाही. अंगात काय चाललंय मला माहीत नाही, बाकी कोणाला नाही. मोकळं वाटायला हवं.
दुपारी जेवून दि. खोलीत आला. दार लोटलं. माझं अंग आक्रसलं, त्याने ते पाहिलं.
“झोपायला आलोय गो. नुसता.”
खाली चटई टाकून आडवा झाला, भिंतीकडे तोंड करून. तो जागा होता, मीही. उद्या रिपोर्टात काय यायचं ते येईल. त्याच्यात दोष निघाला तर औषध असेल, नसेल. पण त्याचा हात लागला की मला होतं ते... ते बाईंना सांगता येतं का? कुठल्या डॉक्टरला सांगतात?
मग त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं, “अजून येते का?”
काय, ते मला कळलं, विहिरीपाशी बोललो होतो ते. व्हय म्हणवेना, नाय म्हणवेना.