पडली तरी उडणार नाही अशी बंदूक

आण्णा, गेल्या आठवड्यात मी बंदूक घेतली. स्वतःसाठी नाही, घाबरू नका. सांगलीतल्या ज्या पतसंस्थेत मी शाखा सांभाळते, तिथं सोनेतारणाचं काम वाढलंय आणि संचालकांना एकदम दाराशी हत्यारबंद माणूस हवासा वाटायला लागला. संस्थेच्या नावावर परवाना आला, पण घ्यायचं काय, यावर बैठकीत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मग अध्यक्षांनी मोहरा माझ्याकडे वळवला. "मॅडम, तुमचे वडील साताऱ्याला बँकेत गनमन होते ना? मग तुम्हीच बघा, स्वस्तात मस्त काय मिळतंय ते." गनमनच्या पोरीला बंदुकीतलं जन्मजातच कळतं, अशी त्यांची समजूत. नाही म्हणायला हवं होतं. पण तुमचा विषय निघाला आणि माझ्या तोंडून हो गेलं.

दुकानात मी आमच्या नव्या गार्डला घेऊन गेले. गडी कुंडलचा, फौजेतून हवालदार होऊन आलेला, पन्नाशीचा, उजवा खांदा दुखतो म्हणून थंडीत कुरकुरणारा. मला ताई म्हणतो. दुकानदारानं आधी तुमच्या बंदुकीसारखीच बारा बोअरची, दोन नळ्यांची दुनळी काढली. ती टेबलावर ठेवताना जो आवाज झाला, तो मी पंचवीस वर्षांनी ऐकत होते, तरी लगेच ओळखला. मग त्यानं एक आखूड कार्बाइन पुढं केली. दिसायला रायफलीसारखी, खांद्याला लावायची, पण आत गोळी पिस्तुलाची. गार्डचा चेहरा उजळला. "ताई, ही लय सोपी. धक्का कमी, खांदा दुखायचा न्हाई. आन् एकच गोळी, जितं रोखाल तितंच जाणार. छर्र्यागत पसरायची न्हाई." तो हे मला समजावून सांगत होता आणि मला तुम्ही दिसत होता.

साताऱ्याच्या त्या दोन खोल्या. मी बारावीला आहे. आई उंब्रजला गेलीय, म्हणून चहा मी करते आहे, आणि पावडर संपली म्हणून वरच्या फळीवरचा जुना डबा उघडते. आत फडक्यात गुंडाळलेली दोन लाल काडतुसं. तुम्ही नुकतेच ड्यूटीवरून आलाय, बूट काढताय, बंदूक कोपऱ्यात उभी आहे. मी विचारते, ही इथं कशी? तुम्ही जरा चाचरता. मग सांगता, "आगं, बंदूक रिकामीच आसती. बँकेत पेन्शनची म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया. एवढ्याशा खोलीत छर्रा उडाला तर चोर एक आन् मरणार चार. बंदूक दिसली म्हंजी बास हाय." आज मला यातला शब्द न् शब्द पटतो. त्या दिवशी मला फक्त लाज वाटली. माझे वडील बंदूकवाले आहेत, हे मी कॉलेजात मिरवत होते हो. मी म्हणाले, "म्हणजे तुम्ही तिथं शोभेला उभे राहता? मग बंदूक कशाला, काठी न्या की. उद्या कुणी शिरलं तर काय टाळ्या वाजवणार? कुणाला कळलं तर मी तोंड कुठं लपवू?" तुम्ही बूट हातात घेऊन तसेच बसलात. रागावला नाहीत. चहा पिऊन उठलात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा उघडून बघितला, तर त्यात नुसतं फडकं होतं. खरं सांगते, मला बरं वाटलं. आपलं ऐकलं म्हणून मी खूष झाले होते.

पुढचं मला बँकेतल्या लोकांकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. पेन्शनचा दिवस, गर्दी, एका म्हातारीला घेरी आली. तिला धरायला तुम्ही बंदूक काउंटरला टेकवून धावलात. बंदूक घसरली आणि फरशीवर आपटली. घोडा चढवलेला नव्हता, पण आता ती भरलेली होती आणि जुनी, नुसत्या आपटण्यानं उडाली. भिंतीचा गिलावा खाली आला आणि चार-पाच छर्रे तिथल्या शिपायाच्या पोटरीत शिरले. बिचारा वाचला, पण पुढं कायम लंगडत चालला. तुम्ही त्याच्या घरी दर रविवारी जायचात, हे आईनं मला तुम्ही गेल्यावर सांगितलं. बँकेनं तुम्हाला काढलं. स्वतःच्या मालकीची ती बंदूक विकून तुम्ही एका मंगल कार्यालयाच्या फाटकावर उभे राहिलात, हातात काठी घेऊन. मी जे बोलले होते ते अक्षरशः खरं झालं, आणि ते तुम्ही मला एकदाही ऐकवलं नाही.

म्हणून त्या दुकानात मी दुकानदाराला पहिला प्रश्न किमतीचा विचारला नाही. मी विचारलं, "ही पडली तर?" तो हसला. "मॅडम, बंदूक पाडायची नसते." मी म्हणाले, "पाडायची नसतेच. पण पडते. पाडून दाखवा." तो म्हणाला, नवा माल आहे, ओरखडा आला तर कोण घेणार? मी म्हणाले, ओरखडे पडलेली मी घेईन. गार्डनं आधी कार्बाइन रिकामी आहे ना ते उघडून बघितलं, बोट घालून बघितलं, मग खटका चढवून ती दस्त्यावर, दाराजवळच्या जाड पायपुसण्यावर सोडली. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा आतून खट् आवाज आला. आत गोळी असती तर उडाली असती. गार्ड माझ्याकडं बघतच राहिला. "आयला, ताई!" म्हणाला आणि जीभ चावली. ती सगळ्यांत स्वस्त होती, अध्यक्षांच्या मनात भरेल अशी. दुसऱ्या कंपनीची तशीच कार्बाइन थोडी महाग निघाली. ती आम्ही सहा वेळा आपटली, आडवी, उभी, नळीवर. खटका जागचा हलला नाही. दुकानदार तोवर बाहेर पानटपरीवर जाऊन उभा राहिला होता. मग मी गोळ्यांचं विचारलं, कारण बंदूक स्वस्त मिळाली आणि गोळ्या इतक्या महाग की गार्डनं वर्षभर सरावच केला नाही, तर ती काय पुजायची? गोळ्या बारा बोअरच्या काडतुसांपेक्षा फार महाग नव्हत्या. नेमबाजीच्या रेंजवर गार्डनं पंधरा गोळ्या झाडल्या, एकही अडकली नाही, आणि सगळ्या ताटाएवढ्या जागेत बसल्या. बैठकीत मी चार शब्द ऐकून घेतले. "मॅडम, आपल्याला काय युद्ध करायचंय का?" असं एक संचालक म्हणाले. मी म्हणाले, नाही, म्हणूनच.

पण खरी परीक्षा पुढंच होती. पहिल्या दिवशी गार्ड कडक इस्त्रीच्या गणवेशात माझ्या केबिनमध्ये येऊन उभा राहिला. "ताई, फौजेत हुकूम वरनं येतोय. हितं हुकूम तुमचा. गोळ्यांचं मॅगझीन बंदुकीला लावून हुबा राहू का कमरंच्या पट्ट्यात ठिवू? लेखी द्या, म्हंजी उद्या भानगड नको." बाहेर गर्दी होती. सोनं सोडवायला आलेल्या बाया, एकीच्या कडेवर झोपलेलं मूल. मी कागद पुढं ओढला आणि कितीतरी वेळ पेन उघडून बसले. रिकामी ठेव म्हटलं आणि उद्या खरंच कुणी शिरलं तर या माणसाचा जीव माझ्यावर. भरलेली ठेव म्हटलं तर त्या मुलाचा. तुम्ही हे ओझं रोज एकट्यानं वाहत होता, कुणाची लेखी परवानगी न घेता, आणि मी त्याला शोभा म्हणाले. शेवटी मी लिहिलं, मॅगझीन पट्ट्यात राहील, या आदेशाची जबाबदारी माझी. खाली पूर्ण सही केली. गार्डनं वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "मला बी त्येच बरं वाटतंय, ताई."

आण्णा, ती सही करताना मला बँकेला दिलेला तुमचा खुलासा आठवला. तुमचं अक्षर बरं नव्हतं म्हणून तुम्ही सांगत होता आणि मी लिहीत होते. 'बंदूक भरलेली राहिली हा माझा विसरभोळेपणा' असं तुम्ही सांगितलंत. माझा हात थांबला. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "लिव्ह, थांबू नको." तुम्ही काही विसरला नव्हता, हे त्या खोलीत आपल्या दोघांनाच माहीत होतं. मी ते स्वच्छ, वळणदार अक्षरात लिहिलं आणि सहीसाठी कागद तुमच्यापुढं सरकवला.