फौजदाराच्या भरवशावर

रविवार, ८ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट चुकीची कळवली. आधी ती दुरुस्त करते, मग बाळाची चौकशी. मी लिहिलं होतं की वादळाची सूचना देणारे जुने भोंगे काढून नवे बसवायची नगरपालिकेची निविदा निघाली, तिचा नकाशा मी केला, आणि पाण्याच्या टाकीवरचा भोंगा तुझ्या गल्लीत स्पष्ट ऐकू येत असल्यामुळे तिथे नवा खांब लागणार नाही. स्पष्ट ऐकू येतो हे खरं नाही.

काल महिन्याचा पहिला शनिवार, म्हणजे भोंग्यांच्या चाचणीचा दिवस. तू ताईच्या बाळंतपणाला गेल्यापासून तुझ्या कुंड्यांना पाणी घालायला मी जातेच, म्हणून म्हटलं, आज तुझ्या स्वयंपाकघरातून ऐकू. खिडक्या लावून घेतल्या, कारण वादळात त्या कोण उघड्या ठेवतं? बारा वाजले. काही नाही. मग शेजारच्या शिंपीकाकांचा फौजदार गळा काढून रडायला लागला आणि मी चक्क मान डोलावली. मनात म्हटलंसुद्धा, वाजला भोंगा. हातातली झारी तशीच राहिली. मी भोंगा ऐकलाच नव्हता, मी कुत्रा ऐकला होता.

पळत बाहेर आले. गल्लीतही लांब कुठेतरी माशी गुणगुणावी एवढंच. शिंपीकाका पायरीवर बसून काज करत होते. म्हणाले, दर चाचणीला तो असाच रडतो, त्याला आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतं.

आता नीट आठवून सांग. पाहणी करताना मी गल्लीत विचारलं, भोंगा ऐकू येतो का, तेव्हा सगळे हो म्हणाले, आणि सगळ्यात ठामपणे तू. तू भोंगा ऐकतेस की फौजदाराला? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. कालपासून जीव टांगणीला लागलाय, पण खरं सांगू, आनंदही झालाय. निविदा उघडण्याआधी हे सापडलं, यावर माझा विश्वासच बसत नाही.

बाळाच्या नाकाबद्दल ताईचं मत मला मान्य नाही. फोटोत ते आपल्याच घरचं दिसतं.

तुझी माया आहेच, उत्तरातही थोडी घालून लगेच पाठव.

तुझी,
मुंगी


बुधवार, ११ मार्च

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. जरा वय झालं तर भाची मला बहिरी ठरवायला निघाली, असं ताईला म्हणाले. ती म्हणाली, रागाव खुशाल, पण आधी आठव तरी. मग बाळाला मांडीवर घेऊन आठवत बसले.

शनिवारी बाराला मी भाजी चिरत असते. फौजदार सूर लावतो. मी म्हणते, वाजला बाई भोंगा. समोरच्या मास्तरीणबाई खिडकीतून विचारतात, झाला का, मी म्हणते, झाला. म्हणजे मी कुत्र्याला ऐकते आणि मास्तरीणबाई मला ऐकतात. भोंग्याचा आवाज जाड की बारीक, ते काही केल्या सांगता येईना. ताई आणि मी इतक्या हसलो की बाळ उठलं.

मग हसू गेलं. शिंपीकाका महिनाअखेरीस मुलाकडे राहायला चाललेत, कायमचे, फौजदारासकट. तुला बोलले नाहीत का? मागच्या वादळात त्याच्या रडण्यावरून आम्ही सगळे तळघरात उतरलो, आणि मग पत्रे उडाले. गल्लीच्या टोकाला पाळणाघर आहे. दुपारी तिथली पोरं गाढ झोपलेली असतात.

तरी माझ्या दारात खांब येईल असं काही करू नकोस. लोक म्हणतील, भाचीनं आत्याची सोय लावली. शिवाय तुझी नोकरी अजून कायम झालेली नाही. साहेबांपुढे जाऊन चुकले म्हणालीस तर ते काय करतील, याची मला धास्ती वाटते. पण शाळेत घालण्याआधी तुला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून मीच शिकवलं, की चूक खोडायची ती एका रेघेनं, खालचं वाचता आलं पाहिजे. गिरगोटा केलास की कान धरायचे. आता कुठल्या तोंडानं तुला गप्प बस म्हणू?

वेळेवर जेवत जा. जीव तुझ्यातच आहे, हे काय लिहायला हवं.

तुझी,
आत्या


सोमवार, १६ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात घेऊन मी तडक तुझ्या गल्लीत गेले. या वेळी ऐकू येतो का असं विचारलंच नाही. विचारलं, आवाज कसा आहे, नक्कल करून दाखवा. काय मजा सांगू तुला. एकांनी रेल्वेची शिट्टी काढली, एकांनी ट्रकचा हॉर्न. मास्तरीणबाई बराच विचार करून म्हणाल्या, साधारण तुझ्या आत्यासारखा. पाळणाघरातल्या बाईंनी मात्र नक्कल केलीच नाही. त्या म्हणाल्या, आम्ही शिंपीकाकांच्या दाराकडे बघतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं. मी इतक्या घाईनं बोलत होते की त्यांनी आधी पाणी दिलं. ऐकून म्हणाले, गावातल्या बाकीच्या गल्ल्यांनाही तू हाच प्रश्न विचारला होतास ना? हो, आत्या. सगळीकडे हाच. बाराला भोंगा वाजणार हे ज्याला ठाऊक आहे, तो हो म्हणणारच. म्हणजे एकटी तुझी गल्ली नाही, अख्खा नकाशाच मला पुन्हा करायला हवा.

साहेब चिडले, नाही असं नाही. निविदा निघाल्यावर बदल केला की ठेकेदार ओरडतात, आणि आत्याचं घर त्याच गल्लीत हे कळलं की जास्तच ओरडतील. पण मग स्वतःच कॅलेंडर ओढून म्हणाले, मुदत दोन आठवडे वाढवली तरी वादळांच्या आधी भोंगे लागतात. त्यांची अट एकच. शुद्धिपत्रकावर ते सही करतील, पण ठेकेदारांच्या बैठकीत चूक मी स्वतः सांगायची आणि प्रश्न झेलायचे. तुझं घर तिथे आहे हे मी लेखी दिलंय. त्या गल्लीतल्या खांबाची जागा माझ्याऐवजी दुसरे इंजिनीअर ठरवतील. आणखी एक अट मी निविदेत घालायला सुचवली आणि ते हो म्हणाले: नवा भोंगा खिडक्या लावलेल्या खोलीत ऐकू आला, तरच तो पास.

कायम करण्याबद्दल विचारायची हिंमत झाली नाही. त्यांनीच सांगितलं, समिती बसेल तेव्हा ही चूक तिच्यापुढे येणार, मी आत्ता कसलाही शब्द देऊ शकत नाही. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. उलट नवा नकाशा काढताना हात थांबतच नाहीये.

बाळाचा पापा घे. माझ्यावर भरवसा ठेवलास तसाच ठेव.

तुझी,
मुंगी

ता. क. दिवस लिहायचा राहिला. बैठक गुरुवारी, १९ मार्चला, सकाळी अकराला आहे. साहेब म्हणाले, शेवटी बोललीस तरी चालेल. मी सगळ्यांच्या आधी बोलायला उठणार आहे.