दुकानात आलेला पाहुणा

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. कारंज्यात माझं कृषी केंद्र आहे, हेही तुम्हाला माहीत नसणार. बियाणं, खत, फवारणीची औषधं. हायवेला लागून जागा आहे, गिऱ्हाईक बरं आहे. पाटीवर माझं नाव नाही. आपलं आडनाव असं, की ते आपल्यातही चालतं आणि दुसऱ्यांतही चालतं. बाजारातल्या लोकांनी आपापल्या मनानं मला त्यांच्यातला समजून घेतलं. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आठ वर्षं असंच चाललं आहे.

तुम्ही समुद्रपूरच्या गाडीवर कंडक्टर होता, तेव्हा दारात उभे राहून चढेल त्याला खणखणीत जय भीम करायचात. कोणी उत्तर देवो न देवो. मला लाज वाटायची, आता लिहूनच टाकतो. वर्ध्याला कॉलेजात होतो तेव्हा होस्टेलवर मी आपण कोण ते सांगत नाही, ही गोष्ट कुणीतरी तुमच्या कानावर घातली. त्या रविवारी मी घरी आलोय. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, तुम्ही मुठीनं कांदा फोडताय, मी ताट ओढून घेतो. तुम्ही दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तुम्ही हातातला घास खाली ठेवला आणि एवढंच म्हणालात, "लपून राह्यशील त तुह्यावर भरोसा कोन ठेवन? अन ठेवला कोनं, त तुले तो पेलन का?" मी खाली मान घालून जेवत राहिलो. मनात म्हटलं, यांना काय कळतं.

तीन वर्षांपूर्वी एका बियाणं कंपनीनं जास्त माल विकणाऱ्या दुकानदारांना श्रीलंका फिरवून आणलं. आमच्यासोबत तिथला एक गाईड होता, साठीच्या आसपासचा, भारतातल्या पर्यटकांना फिरवून फिरवून शिकलेली मोडकीतोडकी हिंदी बोलणारा. कँडीला एका सकाळी बाकीचे घोरत पडले होते, तेव्हा तो मला टेकडीवरच्या एका लहानशा विहारात घेऊन गेला. मी हात जोडले आणि तुम्ही शिकवलेलं त्रिशरण, बुद्धं शरणं गच्छामि, आपोआप तोंडातून निघालं, किती वर्षांनी कोण जाणे. दुसरी ओळ त्यानं मागून उचलली. शब्द तेच, चाल तेवढी वेगळी. बाबा, मला रडू फुटलं. तो पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मला सणकून ताप भरला. मंडळी दुसऱ्या गाईडसोबत समुद्रावर गेली आणि यानं मला स्वतःच्या घरी नेलं. पासपोर्ट, फोन, सगळं त्याच्या हाती देऊन मी झोपलो. परक्या मुलखात, चार दिवसांच्या ओळखीच्या माणसाकडे, आणि काय गाढ झोपलो! त्याच्या म्हाताऱ्या आईनं वाटीनं पेज पाजली. उशाशी बसून त्यानं मला आपल्या भावाचं सांगितलं. त्यांच्याकडच्या लढाईत तो गेला तो गेलाच, प्रेतही मिळालं नाही. हे कुठल्याच पर्यटकाला सांगितलं नव्हतं म्हणाला. मी तुमचं सांगितलं, गाडीतला जय भीम सांगितला. त्याला तो इतका आवडला, की माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतला. पुढे दर पौर्णिमेला त्याचा फोन यायचा आणि सुरुवात जय भीमनंच व्हायची. मी दुकानामागच्या गोदामात जाऊन बोलायचो. तो समजायचा, मला तिथं नेटवर्क चांगलं मिळतं. कारंज्यात मी कोण म्हणून राहतो, एवढंच त्याला सांगितलं नाही.

या हिवाळ्यात तो भाविकांचा एक गट घेऊन नागपूरला आला आणि एक दिवस मोकळा मिळाला म्हणून, न कळवता, एकटाच बसनं कारंज्याला आला. गव्हाच्या खताचे दिवस, दुकानात पाच-सहा शेतकरी उभे. शेजारचे कापडवाले काका माझ्यासमोर चहा घेत बसलेले. दारात पांढऱ्या कपड्यांत तो उभा राहिला, हातात कापडी पिशवी, चेहरा नुसता फुललेला. दोन्ही हात जोडून तो मोठ्यानं म्हणाला, "जय भीम."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणालो, "कौन चाहिए आपको?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं काकांकडे बघितलं, शेतकऱ्यांकडे बघितलं. माणसं फिरवण्यात जन्म गेलेला तो, त्याला कळायला कितीसा वेळ लागणार! जोडलेले हात त्यानं सावकाश खाली घेतले. "माफ कीजिए, गलत दुकान," तो म्हणाला. "नागपुर का बस किधर मिलेगा?"

बाबा, मला उघडं पडू द्यायचं नाही म्हणून त्यानं ते विचारलं. मी बोटानं रस्त्यापलीकडे दाखवलं. खुर्चीतून उठलोही नाही. तो गेल्यावर काका म्हणाले, "भलतीकडंच आला बिचारा." मी हसलो, आणि युरियाच्या थैल्या काढायला सांगितल्या. गाडीला अजून अर्धा तास होता, हे मला माहीत होतं. रस्ता ओलांडायला दोन मिनिटं लागतात. मी पूर्ण अर्धा तास खत विकलं. पिशवीत त्यानं काय आणलं होतं, ते मला आता कधीच कळणार नाही.

आठवड्यानं त्याचा मेसेज आला. सुखरूप पोचलो, तुमची तब्येत बरी आहे ना, एवढंच. तक्रारीचा एक शब्द नाही. तेव्हापासून दोन पौर्णिमा गेल्या, फोन आला नाही. तो आता यायचा नाही, आणि मी तरी कोणत्या तोंडानं करू? उद्या सकाळी शटर वर करीन तेव्हा काकांना रामराम म्हणीन. मी काही बदलणार नाही, बाबा. या वयात माणूस कुठं बदलतो.

हे सगळं खरं तर त्याला लिहायचं होतं. तुम्हाला लिहिलं, कारण तुमच्याकडून उत्तर येणार नाही.