एकही शब्द कापायचा नाही

५ फेब्रुवारी ९८
रेडिओ केंद्राच्या सल्लागार समितीची बैठक. सात माणसं, दोन बशा चिवडा आणि एक कागद. कार्यक्रम अधिकारी देवगावकरांनी लोकगीतांतले 'प्रसारणास अयोग्य' शब्द टंकून आणले होते. भाड्या, रांड, शिंदळ, असं उतरत उतरत 'धोतर सोडणे'पर्यंत. निवृत्त मुख्याध्यापकांनी चष्मा पुसून ती यादी दोनदा वाचली. एवढ्या आवडीनं त्यांनी आयुष्यात दुसरं काही वाचलं नसेल.

मी उभा राहिलो. बसून मला बोलता येत नाही. म्हणालो, आपल्याकडे मुलीच्या मांडवात बाया व्याह्याला गाळ्या, म्हणजे शिव्यांची गाणी, गातात. वर्षभर ऐकून घेणाऱ्या बाया तेवढ्या एका दिवशी ऐकवतात. त्या दिवशीही तुम्ही त्यांचं तोंड शिवून टाकणार? संतांनी ढोंग्यांना काय काय म्हटलं ते शाळेच्या पुस्तकात गाळलेलं असतं. मी मूळ पोथ्या माझ्या हातानं बांधल्या आहेत. दुकानात या, दाखवतो.

मुख्याध्यापक म्हणाले, "रहीमभाऊ, तुम्ही जिल्दी बांधा. आत कशाला पाहता?" सगळे हसले.
मी म्हणालो, "गुरुजी, तुम्ही जन्मभर आतच होता. तुम्हाला काय दिसलं?" मग कोणी हसलं नाही.

चार विरुद्ध तीन. लग्नाच्या गाळ्यांचा कार्यक्रम होणार, एकही शब्द न कापता. गाणारी मी आणायची.

९ फेब्रु.
सायकलनं चिचखेडा. पार्बताबाई तलावाच्या पाळीवर जाळ्यातला काडीकचरा काढत बसलेली. ढीवराची विधवा, साठीची. तिच्याशिवाय आजूबाजूच्या दहा गावांत मांडव पुरा होत नाही.
"रेडिओत गाळ्या? पागल झाले का भाऊ?"
पटवायला अर्धा तास लागला. मग तिची खरी अडचण निघाली. "देऊ कोनाले पन? मोरं व्याही त पाह्यजे. नाव घेतल्याबिगर गाळी लागत नाई."
म्हटलं, नुसतं गा. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पाण्याशिवाय मासे धरायला सांगितले.
गेल्या वर्षी तिनं एकुलती शेवंता वैनगंगेपलीकडे कुरूडटोल्याला दिली. त्या मांडवातल्या गाळ्या मी ऐकल्या आहेत. व्याही हसून हसून खोकत होता, आणि शेवटी त्यानं स्वतःच्या हातानं विडा करून पा.बाईला दिला. असल्या आवाजावर कात्री चालवणाऱ्यांचे हात झडोत.

१० फेब्रु.
जुबेदाला सगळं सांगितलं. ती पीठ मळता मळता म्हणाली, "अपने यहाँ भी समधन को गाली देते. मगर देने के बाद खाना खिलाते ना जी. तुम्हारा रेडिओ खिलाता क्या?"
बायकोशी वाद घालण्याइतका वेळ नव्हता. शनिवारच्या व्याख्यानाची टिपणं काढायची होती.

१५ फेब्रु.
ध्वनिमुद्रण. पा.बाई ठेवणीतलं लुगडं नेसून, झील धरायला दोघी बाया घेऊन आली. कार्यक्रम अधिकारी दे.नी बजावलं, "बाई, कुणाचं नाव नको. नुसतं 'व्याही' म्हणा." ती म्हणाली, हो सायेब. दोनदा गायली. दोन्ही वेळा मेलेलं. श्राद्धाला बसल्यासारखं.
तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटले, हातानं ठेका धरला. खोलीत मांडव उभा राहिला.

आला आला व्याही भाड्या, उंच त्याची पगडी
धोतर पाहा सोडून, आत वाळली काकडी
लेक तुहा कोनाचा रे, सांग बकाराम भाड्या
रोज तुह्या दारामोरं कोनाच्या उभ्या गाड्या

यंत्रावरचा माणूस तोंडात रुमाल कोंबून हसत होता. बारा वर्षं व्याख्यानं देतोय, इतकं थेट मला कधी बोलता आलं नाही.

१८ फेब्रु.
दे.नी बोलावून घेतलं. म्हणाले, "भाड्या राहू द्या, काकडी राहू द्या. नाव तेवढं काढू. हा बकाराम कोण?"
मी म्हणालो, "कोणी नाही. गाण्यातला आहे. असा एक सगळ्याच गाण्यांत असतो."
मला माहीत नव्हतं. मांडवात ऐकलं असेल, लक्षात राहिलं नव्हतं. विचारलंही नव्हतं. आणि मग भाषण केलंच. आज नाव, उद्या शब्द, परवा गाणं, तेरवा गाणारी. दे. दमले. "ठीक आहे, रहीमभाऊ. जबाबदारी तुमची."
म्हटलं, आनंदानं.

२२ फेब्रु., रविवार
संध्याकाळी सव्वासहाला वाजलं. दुकानासमोर वीसेक माणसं. चहावाल्यानं रेडिओचा कान पार पिळून ठेवलेला. काकडीला टाळ्या, गाड्यांना शिट्ट्या. मुख्याध्यापक नेमके तेव्हाच रस्त्यानं चालले होते. मी मुद्दाम नमस्कार केला.
जिंकणं म्हणजे हेच.

३ मार्च
पा.बाई दुकानात आली. पायरीवर बसली, पाणी घेतलं नाही.
बकाराम तिचा व्याही आहे. शेवंताचा सासरा. मांडवात हसून खोकणारा तो.

मी विचारलं, "नाव का घेतलं त्याचं?"
"मंग कोनाचं घेऊ? मले एकच व्याही हाये."

मार्कंड्याच्या यात्रेला बकाराम बैलगाडी घेऊन गेला होता. नदीवर, देवळाच्या रांगेत, मुरमुऱ्याच्या दुकानापाशी, जो तो विचारतो, 'बकारामभाऊ, हे गाडी कोनाची होय?' नातेवाईकसुद्धा. देवदर्शन न करता तो परतला. घरी येऊन शेवंताला म्हणाला, गा.
तेव्हापासून रोज. दिवेलागणीच्या आधी तिला आंगणात उभी करतो. शेजारी कुडापाशी जमतात. तिनं आईचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायचं, सासऱ्याचं नाव घेऊन. मगच तिला ताट. अडखळली की पुन्हा पहिल्यापासून. गाण्यातला 'लेक' म्हणजे तिचा नवरा. तो भिंतीकडे तोंड करून जेवतो.
"मारत नाई," पा.बाई म्हणाली. "हात नाई लावत. निरं गानं गावाले लावते."

४ मार्च
एकटाच कुरूडटोल्याला. बकाराम राक्षस निघाला असता तर बरं झालं असतं. वाळकुडा, घोगरा माणूस. खाट टाकली, पाणी दिलं.
मी बोलायला लागलो. परंपरा, लोकसाहित्य, हास्याची ताकद. त्यानं बिडी संपेपर्यंत ऐकलं.

"मांडवात देल्ली तवा मी हासलो. मी मोरं होतो. एकाले दोन मी बी देल्ल्या. रेडिओले का उलटून बोलू? बोललो एक डाव. बायको हासली."
म्हटलं, मी जाहीर माफी मागतो. मूल गावच्या चौकात, माईक लावून.
"तुमचं भाषन कोन आयकते? गानं आयकते लोक." मग म्हणाला, "तुमच्या घरच्या लग्नात गावा लागत होतं नं, भाऊ. आमचं घर भेटलं व्हय?"
म्हटलं, आमच्याकडेही गातात.
"मंग त्याईचं नाव काऊन नाई गेलं रेडिओत?"

मी परत पाणी मागितलं.

शेवंताचं रोजचं गाणं थांबवायला त्याची एक अट. पार्बतानं तेच गाणं रेडिओवर गायचं, स्वतःचं नाव घालून. त्याच वाराला, त्याच वेळेला. एक शब्द कमी नको. "माह्या टायमाले एक बी कापला नाई म्हनते. कोन्या बाबानं भाषन ठोकलं म्हनते." तो बाबा मीच हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याचा चेहरा हलला नाही.

मग त्यानं हाक मारली, "पोरी, पाव्हने आले, गा." एकोणीस वर्षांची असेल. पदर दातात धरलेला, तो तिनं सोडला आणि म्हणायला लागली. शाळेत कविता म्हणतात तसं, सगळं एका सुरात. 'काकडी'ला कुडापलीकडून कोणीतरी खाकरलं. 'गाड्या' म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं.

६ मार्च
पोलिसात तक्रार द्यावी, मी म्हटलं. पा.बाई म्हणाली, "का लिहान? सासरा जेवाले देते म्हनून?"
मग शेवंताला घेऊन या, म्हटलं. तर म्हणाली, गेली होती आणायला. शेवंता येत नाही. म्हणते, मी आली त गानं खरं ठरन, माह्या नवऱ्याले जन्मभर इचारतीन.
पोरगी आपल्या सगळ्यांपेक्षा शहाणी आहे. माझं कपाट पुस्तकांनी भरलं आहे.

९ मार्च
पा.बाईला घेऊन केंद्रावर. नवं गाणं तिनंच जोडलं, बसमध्ये येता येता.

आली आली विहीण शिंदळ, डोईवर तिच्या पाटी
मासोऱ्याच्या नावानं जाते कोनाच्या भेटीसाठी
लेक तुही कोनाची वं, सांग पार्बता शिंदळ
रोज तुह्या दारामोरं कोनाचा चाले गोंधळ

चांगलं जोडलं आहे. पहिल्यापेक्षा घट्ट. असं वाटल्याची लाज वाटली, पण वाटलं हे खरं.
या वेळी तीनदा गावं लागलं नाही. डोळे उघडे ठेवून गायली, एका दमात. यंत्रावरचा माणूस हसला नाही. झील धरणाऱ्या बाया तिनं आणल्याच नव्हत्या.

दे.नी विचारलं, "स्वतःवरच का गाते ही?"
मी म्हणालो, "तशीही एक पद्धत आहे."
हे दुसरं खोटं. पहिलं निदान अज्ञानातलं होतं.

पण दे.चे हात आता बांधलेले. पहिल्या गाण्यावर वरच्या कार्यालयात पत्रं गेली, आणि ती यादी लागू झाली आहे. यादीतला शब्द वाजवायचा तर समितीची मंजुरी. बैठक सोळाला, अकरा वाजता. बाईला बाहेर बसवून म्हणाले, "तुम्ही आहातच. बोला. मागच्यासारखं."
परतताना पा.बाई खिडकीतून बाहेर पाहत होती. मी म्हटलं, तुमचा केवढा अपमान.
"मले शिंदळ म्हना नाईतं चेटकीन म्हना. पोरीच्या ताटात भात पडू द्या." आणि थोड्या वेळानं, "तुमी भाषन करा भाऊ. तुमाले थेच येते."

१२ मार्च
दे.चा निरोप. दोन सभासद तयार आहेत, फक्त 'शिंदळ' काढा. 'विहीण बाई', 'पार्बता बाई' करा, बाकी सगळं जाऊ द्या. दे. भला माणूस आहे. त्याला वाटतं आहे, त्यानं माझ्यासाठी काहीतरी मिळवलं.

१३ मार्च
पुन्हा कुरूडटोला. सांगितलं, एकच शब्द जातो आहे.
बकाराम म्हणाला, "बाकीचं सारं कापा. तेवढा ठेवा."
मी म्हटलं, "ती तुमची विहीण आहे. म्हातारी आहे."
"मी जवान होय?"

संध्याकाळ होत आली होती. निघायच्या आत शेवंता आंगणात आली. बोलवावं लागलं नाही. दोन-अडीच आठवड्यांत गाणं तिच्या गळ्यात बसलं आहे. ठेका धरते आता. 'भाड्या'वर आवाज उचलते, 'गाड्या'वर मोकळा सोडते, थेट आईसारखा. कुडापाशीच्या बाया माना हलवत होत्या, आणि एकीनं नकळत झील धरली. नवरा आत, भिंतीकडे तोंड करून.
बकाराम माझ्या कानाशी म्हणाला, "मायपेक्षा बी चांगली गाते. हाय का नाई?"
हो म्हणालो. तोंडातून गेलं.
ताटात भात, चिंगऱ्याचं कालवण. मन लावून जेवत होती.

१५ मार्च
दिवसभर दुकान बंद ठेवून भाषण लिहिलं. एरवी मी लिहून बोलत नाही. मुद्दे तेच. शब्द कापणारा हात शब्दापाशी थांबत नाही. शिवी ही गरिबाची शेवटची मालमत्ता. बाई स्वतःला काय म्हणते ते ठरवणारे आपण कोण? हा तिसरा मुद्दा नवा आहे, आणि त्याला कोणाकडे उत्तर नसणार. मुख्याध्यापक पाणी मागतील.

१६ मार्च, सकाळ
जुबेदानं भाषण वाचलं. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, बोट ठेवून वाचते. चारही पानं वाचली.
"इसमें वो लड़की किधर है?"
समजावलं. शेवंताचं नाव घेतलं तर समितीला कळेल की हे गाणं म्हातारीकडून वसूल केलेलं आहे. मग कोणीही ते वाजवू देणार नाही. दे. तर मुळीच नाही. आणि ते बरोबरच करतील. गाणं वाजलं नाही तर पोरगी आंगणात उभीच.
"और बजा तो?"
वाजलं तर बकाराम शब्द पाळेल. बहुतेक. शेवंता जेवेल, आणि रविवारी सव्वासहाला सगळा जिल्हा विचारेल, लेक कोणाची.
जुबेदानं पानं घडी करून माझ्या हातात दिली. "तो तुम बोलते काय के लिए हो जी, आज तक?"

बस साडेआठची. चौथ्या पानाखाली चार बोटं जागा रिकामी आहे. तिथं शेवंताचं नाव बसेल. अजून लिहिलेलं नाही.